तीन कुलपांआडचा देवदूत

१

पेटी उघडली तेव्हा आत मखमलीचं जुनं फडकं तेवढं होतं. देवदूत नव्हता.

डोंगरातल्या लेश्गुरी गावचं चर्च म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीची एक दगडी खोली. वर कमानीचं छत, समोर तीन कमानींची दगडी आडभिंत, तिच्यामागे अर्धगोल गाभारा, आणि चारी भिंतींवर धुरानं काळवंडलेले संत. चाळीस माणसं आत शिरली की एकेचाळिसाव्यानं बाहेर गवतात उभं राहायचं. दाराला तीन कुलपं आहेत, तीन घराण्यांकडे त्यांच्या तीन किल्ल्या आहेत, आणि तिन्ही घराण्यांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नाही. विश्वास असता तर एका कुलपात भागलं असतं.

जुलैतल्या उत्सवाच्या त्या शुक्रवारी सगळा गाव एकाच कामासाठी जमला होता. मुर्झा काल्बानीला देवदूतावर हात ठेवून शपथ घ्यायची होती. मार्चमध्ये ह्याच चर्चच्या छपरावरचा बर्फ उतरवताना स्पिरिदोन गुवलियानीचा एकुलता एक मुलगा लेवान खाली पडून मेला. त्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक मुर्झाच्या हातात होतं. दोर तुटला, असं मुर्झा सांगत होता. मुर्झानं दोर सोडला, असं स्पिरिदोन मयताच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाला होता. त्या दिवसाच्या गोंधळात दोर कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या डोंगरात अशा भांडणाचे शेवट दोनच, शपथ नाहीतर रक्त. तळहाताएवढी ती चांदीनं मढवलेली प्रतिमा इतक्या हातांनी झिजली होती की देवदूताला नाकडोळे उरले नव्हते. तिच्यावर खोटं बोलणाऱ्याच्या सात पिढ्या मातीत जातात हे लेश्गुरीतलं शेंबडं पोरही जाणतं. ती उंबऱ्याबाहेर गेली तर गारा पडून उभी शेतं आडवी होतात, हेही जाणतं. म्हणून ती कधी बाहेर गेली नाही आणि तिच्यावर कुणी खोटंही बोललं नाही.

रिकामी पेटी पाहून सगळे एकदम बोलायला लागले. स्पिरिदोनच्या पुतण्यांनी मुर्झाची गचांडी धरली, मुर्झाच्या भावांनी पुतण्यांची. कुणीतरी तिब्लिसीहून भित्तिचित्रं धुवायला आलेल्या बाईचं नाव काढलं आणि तिला एका घराच्या दगडी बुरुजात कोंडण्यात आलं. शेवटी वडीलधाऱ्यांनी निवाडा दिला. रविवारचा सूर्य बुडेपर्यंत देवदूत सापडला नाही तर काल्बानींनी शपथ चुकवली असं धरायचं. मग गुवलियानींना मुर्झाचं रक्त माफ.

२

पोलिसांना बोलवायचं नाही यावर तिन्ही घराण्यांचं एकमत झालं. दुसरं एकमत पेलागियावर झालं, आणि त्याचं कारण मजेशीर होतं. ती शेजारच्या खोऱ्यातली. तीस वर्षं तपास न्यायाधीश होती, आता निवृत्त. तेवढ्या काळात तिनं तिन्ही घराण्यांतला एकेक माणूस तुरुंगात धाडला होता. सगळ्यांना ती सारखीच डोळ्यांत सलायची, म्हणून ती निःपक्षपाती.

शनिवारी सकाळी ती दुखरा गुडघा सांभाळत जीपमधून उतरली तेव्हा कुणी हात पुढे केला नाही. दोमेंती काल्बानीच्या घरी तिला बसायला घडवंची मिळाली. पाहुण्याला विन्मुख पाठवणं त्या डोंगरात पाप, म्हणून दोमेंतीच्या बायकोनं समोर कुबदारी ठेवली, मांस भरलेली जाड रोटी. ती कालची होती आणि थंड होती.

दोमेंती हा मुर्झाचा काका आणि काल्बानींची किल्ली सांभाळणारा. त्याचा भाऊ पेलागियानं चार वर्षं आत बसवला होता, हे त्यानं आधी सांगून टाकलं.

"पाच सांगितली होती, चांगल्या वागणुकीवर एक सुटली," पेलागिया म्हणाली. "आता चर्चचं सांग."

त्यानं सांगितलं ते असं. अकरा दिवसांपूर्वी तिघा किल्लीवाल्यांनी मिळून पेटी उघडून देवदूताचं दर्शन घेतलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती तिब्लिसीवाली छताखालचा धूर धुवायला लागली. रोज सकाळी तिघं मिळून दार उघडायचे, दिवसभर बाकावर बसून तिच्यावर नजर ठेवायचे आणि संध्याकाळी मिळून दार लावायचे. बायकांना आडभिंतीपलीकडे पाय टाकता येत नाही, आणि तिनं टाकला नाही, हे तिघांनाही मान्य होतं. गाभाऱ्यातला दिवा तिघं पाळीपाळीनं लावायचे. त्या वेळी ज्याची पाळी तो तेवढा आत, पेटीपाशी एकटा.

"म्हणजे तिघांपैकी कुणालाही हात मारता आला असता."

"मारता आला असता, पण नेता आला नसता," दोमेंती म्हणाला. "निघताना उंबऱ्यावर आम्ही एकमेकांना चाचपतो. पणजोबापासूनची रीत आहे. खिसे, पट्टा, बूट, कोटाचं अस्तर. स्पिरिदोनला मी स्वतः चाचपतो, आणि मी त्याला सोडेन असं वाटतं का तुम्हाला?"

तसं तिला वाटलं नाही. बुधवारी संध्याकाळी शेवटचं काम झालं, ते कसं झालं तेही तिनं विचारून घेतलं. स्पिरिदोन गवंडी, परांची त्यानंच बांधली होती आणि त्यानंच सोडली. तो वरून फळ्या सोडत होता, बाकीचे दोघं त्या बाहेर नेऊन रचत होते. मग दिवा, मग झडती, मग कुलपं. गुरुवारी दार उघडलंच नाही.

"शुक्रवारी आत शोधलंत?"

"फरशा उचकटल्या. गाभारा, कोनाडे, खिडक्या, सगळं. उंदरालासुद्धा लपता आलं नसतं."

ती चर्चपाशी गेली तेव्हा तिघं किल्ल्या घेऊन उभे होते, एकमेकांपासून हातभर लांब. तिसऱ्या घराण्याचा बेसारियोन, ज्याला सगळे बेसो आजोबा म्हणत, ऐंशीचा. दोमेंती साठीचा. स्पिरिदोन पंचावन्नचा, पण त्या दोघांहून म्हातारा दिसत होता. गावातल्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्यावर जाड नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, राखाडी गोल टोपी होती. स्पिरिदोन तेवढा बोडका होता. पेलागियाची नजर तिथं गेली ते त्यानं पाहिलं.

"पोरगा गेला," तो म्हणाला. "आता टोपी कुणासाठी मिरवायची?"

ती आत गेली, मान वर करून फिरली, आणि तिला चिरेबंदी दगडाशिवाय काही दिसलं नाही. छताच्या कमानी जिथं भिंतीवर टेकतात तिथं दोन्ही बाजूंना चार-चार काळी भोकं होती. हवेची, दोमेंती म्हणाला. बाहेर पडताना त्यानं तिलाही चाचपायला आपल्या बायकोला बोलावलं.

३

तिब्लिसीवालीचं नाव मेदेया. बुरुजाच्या तळमजल्यावर, एका गाईच्या सोबतीनं, ती गवतावर बसली होती. दोन दिवसांत तिला दूध आणि शिव्या दोन्ही वेळेवर मिळत होत्या.

"आता तुम्हीपण माझ्या पिशव्या उसकटणार?" तिनं विचारलं.

"पिशव्या त्यांनी उसकटल्या. मला तू काय केलंस ते ऐकायचंय."

मग मेदेया बोलायला लागली ती थांबेचना. आठ दिवस तिनं कापसाच्या बोळ्यांनी संतांचे चेहरे पुसले होते, आणि आठ दिवस तीन म्हातारे मागं बसून ती एखादा संत खिशात घालते का ते पाहत होते. कोणा दीडशहाण्यानं पन्नास वर्षांपूर्वी नऊशे वर्षांच्या चुन्यावर सिमेंट थापलं होतं, त्याचाही तिला राग होता. बाकाच्या वरच्या संताचं नाक लोकांनी चुंबून चुंबून घालवलं होतं, त्याचाही. आणि सगळ्यात जास्त राग तिला मडक्यांचा होता.

"कसली मडकी?"

"भिंतीतली. वर आठ भोकं दिसतात ना, ती मडक्यांची तोंडं आहेत. भाजलेली मडकी आडवी बसवून वरून दगड चढवलाय. माझा हात कोपरापर्यंत जातो आत. पाकोळ्यांची घरटी आणि शंभर वर्षांची घाण भरली होती, आठच्या आठ मी स्वतः रिकामी केली. त्या जुन्या गवंड्यांना आवाज कळत होता. ह्यांना नुसती बोंब मारता येते."

पेलागियानं तिला फोनमधले फोटो दाखवायला सांगितलं. फोन दोमेंतीच्या बायकोनं पिठाच्या डब्यात ठेवला होता, तो तासभर भांडून परत मिळाला. मेदेया रोज दुपारी बाराला परांचीवरून एक फोटो काढायची, कामाची नोंद म्हणून. बहुतेक फोटोंत भिंती होत्या. बुधवारचा तिनं रागानं खाली बाकाकडे रोखून काढला होता. तिघं म्हातारे ओळीनं बसले होते, वरून तीन राखाडी टोप्या दिसत होत्या, आणि तिन्हींच्या खाली सारखीच आठी होती.

पेलागियानं तो फोटो जरा मोठा करून पाहिला. मग फोन आपल्याच खिशात टाकला.

"मला सोडा की," मेदेया म्हणाली.

"उद्या. बाहेरच्यापेक्षा गाईची सोबत बरी आहे, मी दोन्ही पाहून आलेय."

४

बेसो आजोबा भडकलेले होते, पण देवदूतासाठी नव्हे. गावाच्या गाण्यात खालचा सूर ते साठ वर्षं धरत आले होते, आणि शुक्रवारी पोरांनी त्यांची टिंगल केली होती.

"पेटी उघडायच्या आधी आम्ही गोल उभं राहून गातो. माझी जागा ठरलेली. दारातून शिरलं की उजव्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. तिथं मी सूर लावला की वरून भिंत मला साथ देते. माझ्या बापालाही द्यायची. ह्या खेपेला आठ दिवस ती बाई घासत होती तेव्हा तर अशी खणखणीत साथ मिळायला लागली होती की मी बाकावर बसल्या बसल्या गुणगुणायचो. बुधवारी दुपारपर्यंत. आणि शुक्रवारी सूर लावला तर काही नाही. भिंत मुकी. पोरं म्हणतात, आजोबा, भिंत ठीक आहे, तुमचाच भाता फाटला."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं देवदूत आधीच निघून गेला होता. त्याला कळलं असणार आत काय होणार आहे ते." त्यांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. "पण गारा कशा नाही पडल्या, ते मात्र कळत नाही."

पेलागियानंही आभाळाकडे पाहिलं. निळंभोर होतं. खाली जवाचं शेत कमरेएवढं उभं होतं, एक काडी मोडलेली नव्हती. ती उठताना स्वतःशीच हसली, आणि आजोबांना वाटलं तीही त्यांच्यावर हसतेय. त्यांनी तिला दारापर्यंत पोचवलं नाही.

स्पिरिदोनच्या अंगणात त्याचे दोन पुतणे बंदुका पुसत बसले होते. त्यांनी तिला वाट दिली नाही, ती त्यांच्या पायांवरून ओलांडून गेली. स्पिरिदोन कुरणात होता. घरात त्याची बायको फोतिने चुलीपुढं रोट्या थापत होती. लेवान गेल्यापासून ती चार शब्दांच्या वर बोलत नाही, असं गाव म्हणत होतं.

पेलागियानं प्रश्न विचारले नाहीत. खाली बसून तिनं परातीतलं पीठ ओढलं आणि उंडे करायला घेतले. बराच वेळ दोघी तेच करत राहिल्या.

"त्या दिवशीच्या रोट्या वाईट झाल्या," फोतिने मध्येच म्हणाली.

"कुठल्या दिवशीच्या?"

"मयताच्या. लेवानला आणला, आत ठेवला. चूल मीच पेटवली, दुसरं कुणी पेटवू देईना मी. मध्येच तासभर मी त्याच्यापाशी जाऊन बसले. परत आले आणि भाजायला घेतल्या तर प्रत्येक रोटीला डांबराचा वास. शंभर माणसं जेवली. कुणी बोललं नाही. मला वाटलं, माझंच नाक गेलं असेल रडून रडून." तिनं रोटी उलटली. "जाऊच्या तोंडून नंतर कळलं, सगळ्यांनाच आला होता."

"गवंड्याचे दोर डांबरातले असतात ना, ताई?"

"सगळ्यांचेच असतात. बर्फाला टिकावे म्हणून." ती उत्तर देऊन थांबली, तिला प्रश्नाचं कारण कळलं नाही, आणि पेलागियानं सांगितलं नाही. आपण हे सांगायला भितोय हे तिला स्वतःलाच जाणवलं, आणि ते तिला आवडलं नाही.

५

रविवारी दुपारी ती मुर्झाला भेटली. काल्बानींच्या बुरुजाच्या तिसऱ्या मजल्यावर, शिडी वर ओढून, तो बसला होता. तिच्यासाठी शिडी खाली सोडताना त्याच्या भावांनी दहादा विचार केला. सव्वीस वर्षांचा पोरगा, नखं कुरतडून कुरतडून रक्त आलेलं.

"मी नाही चोरला," तो म्हणाला. "मला तर शपथ हवी होती. दुसरं काय आहे माझ्याकडं? दोर तुटला तेव्हा मी तुटकं टोक हातात घेऊन पळालो, लेवानपाशी टाकलं. नंतर पाहतो तर दोन्ही टोकं नाहीत."

"कुणाचा दोर होता?"

"स्पिरिदोनकाकांनी पाठवला होता."

"हे कुणाला सांगितलंस का?"

"ज्याचा पोरगा गेला त्याच्या तोंडावर काय सांगू, तुमचा दोर कुजका होता म्हणून? दोर समोर असता तर गोष्ट वेगळी. नुसतं बोललो असतो तर लोकांनी जीभ हासडली असती." त्यानं नखावरचं रक्त विजारीला पुसलं. "मी ठरवलं होतं, दोर कुणाचा ते काढायचं नाही. मी सोडला नाही, एवढंच म्हणायचं. तेवढं पुरे."

पेलागियानं त्याला शपथेची रीत पहिल्यापासून सांगायला लावली, जशी वडीलधाऱ्यांनी ठरवली होती तशी. मुर्झा पाठ म्हणून दाखवायला लागला. माझे बारा नातलग माझ्यामागे उभे राहणार. मी हात ठेवणार, बोलणार. मग बाराजण एकेक करून—

"त्याच्या आधी. पेटी उघडल्यावर लगेच काय?"

"लगेच? लगेच तर..." तो आठवायला लागला. "लगेच फिर्यादी. आरोप करणारा आधी हात ठेवतो आणि म्हणतो, माझा संशय खरा आहे, मी मनात दुसरं काही धरलेलं नाही. पण ते नुसतं म्हणायचं असतं हो. दोन वाक्यं. त्याच्याकडे कोण लक्ष देतं?"

"कुणीच देत नाही," पेलागिया म्हणाली. "तीच तर चूक झाली सगळ्यांची."

खाली धाडकन बार झाला आणि बुरुजाच्या दगडाचा कपचा उडाला. स्पिरिदोनचा धाकटा पुतण्या अंगणाबाहेर उभा राहून ओरडत होता की सूर्य डोंगराला टेकायला आलाय. पेलागिया शिडीवरून एकेक पायरी उतरली, दुखऱ्या गुडघ्याला शिव्या घालत त्याच्यापर्यंत चालत गेली, आणि त्याच्या बंदुकीची नळी हातानं बाजूला केली.

"अजून दोन तास आहेत. मला अर्धा पुरेल. तुझ्या काकाला किल्ली घेऊन बोलाव. आणि सगळ्यांना."

६

तीन कुलपं उघडली. जेवढी माणसं आत मावली तेवढी शिरली, बाकीची दारात लोटली. बायका मागं होत्या, फोतिनेही. मेदेयाला गाईपासून सोडवून आणलं होतं आणि लोकांनी तिच्याभोवती हातभर जागा मोकळी सोडली होती. स्पिरिदोन आडभिंतीला टेकून उभा होता.

पेलागियानं प्रस्तावना केली नाही.

"देवदूत बाहेर गेला तर गारा पडतात, असं तुम्ही म्हणता. तीन दिवस झाले, जवाचं शेत उभं आहे. मग तुमच्याच हिशेबानं देवदूत आत आहे. मला गारांचं ठाऊक नाही, पण उंबऱ्यावरची झडती मला ठाऊक आहे. दोमेंती स्पिरिदोनला सोडणार नाही, स्पिरिदोन बेसो आजोबांना सोडणार नाही, आणि आजोबा दोमेंतीला. तेव्हा माझ्याही हिशेबानं तो आत आहे. आणि ज्यानं घेतला त्याला तो विकायचा नव्हता, बाहेर न्यायचाही नव्हता. त्याला फक्त शुक्रवारी पेटीत नको होता."

"मुर्झा!" कुणीतरी म्हणालं.

"मुर्झाकडे किल्ली नाही, आणि गाभाऱ्यात तो एकटा कधी गेला नाही." ती वळली. "आजोबा, तुमच्या जागेवर उभे राहा. सूर लावा."

"परत हसू करायचंय माझं?"

"मी हसणार नाही. लावा."

बेसो आजोबा उजव्या कोपऱ्यात गेले, पाठ भिंतीला टेकवली आणि खालचा सूर धरला. ऐंशीचा छातीचा भाता, पण सूर पक्का. तो बाहेर पडला आणि जागीच विरला. मग तिनं त्यांना समोरच्या कोपऱ्यात नेलं. तिथं तोच सूर लावताच वरचं छत भरून आलं, दारातल्या माणसांनाही तो छातीत जाणवला, आणि आजोबा स्वतःच दचकून थांबले. त्यांनी टिंगल करणाऱ्या पोरांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"मेदेया, ह्यांना सांग."

मेदेयानं आवाज घुमवणाऱ्या मडक्यांचं सांगितलं, ह्या वेळी शिव्या न देता. आठ मडकी, आठही रिकामी केलेली, बुधवारी दुपारी शेवटचं. सगळ्यांच्या माना वर गेल्या.

"आता त्या कोपऱ्यातलं एक रिकामं नाही," पेलागिया म्हणाली. "त्यात काहीतरी मऊ आणि जाड कोंबलंय, आवाज गिळणारं. बुधवारी परांची सोडताना दोमेंती आणि आजोबा फळ्या बाहेर नेत होते तेव्हा आत, पेटीपाशी आणि तिथं वर, एकटाच माणूस होता." तिनं खिशातून फोन काढून दोमेंतीसमोर धरला. "हा बुधवारी बाराचा फोटो. टोप्या मोज."

दोमेंतीनं मोजल्या. "तीन."

"संध्याकाळी तू स्पिरिदोनला चाचपलंस. खिसे, पट्टा, बूट. टोपी चाचपलीस?"

दोमेंतीनं स्पिरिदोनच्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं. "टोपी नव्हती त्याच्या डोक्यावर," तो हळूच म्हणाला. "मी... मला त्यात काही वाटलं नाही. दुखवट्यातला माणूस."

"पोरगा मार्चमध्ये गेला. टोपी बुधवारी गेली."

पुतणे पुढं सरसावले. थोरला ओरडला की हा काल्बानींचा कट आहे, काका कशाला देवदूत लपवेल, शपथ तर मुर्झाला घ्यायची होती. पेलागियानं त्याला बोलू दिलं. मग ती स्पिरिदोनकडे वळली.

"आधी कुणाला घ्यायची होती, स्पिरिदोन?"

दोमेंतीनं शिडी आणली आणि चढायला लागला, तेव्हा स्पिरिदोननं त्याला कोटाला धरून खाली ओढलं.

"तू हात लावू नको," तो म्हणाला. "मी ठेवलाय, मीच काढतो."

तो चढला. कोपरापर्यंत हात आत घालून त्यानं नमद्याची टोपी ओढून काढली, छातीशी धरून उतरला, आणि दगडी आडभिंतीच्या कठड्यावर उलगडली. झिजलेली चांदी टोपीच्या घडीत होती, एक ओरखडा नव्हता. लोकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. बाहेर सूर्य अजून बोटभर वर होता.

७

"आता रीत पुरी करा," पेलागिया म्हणाली. "फिर्यादी आधी."

हे म्हणताना तिला त्या माणसाची दया आली नाही असं नाही. पण बुरुजात नखं कुरतडणारा पोरगाही तिला आठवत होता.

स्पिरिदोननं उजवा हात उचलला. तो प्रतिमेच्या वर वीतभर अंतरावर थांबला. मुर्झा समोर उभा होता, खाली मान घालून. मग स्पिरिदोननं हात मागं घेतला.

"दोर माझा होता," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं तो मध्ये कुजलाय. नवा आणायला खाली जायचं होतं, बर्फ पडत होता, म्हटलं एवढ्यानं काय होतंय. मयताच्या वेळी सगळे माझ्याकडं पाहत होते. तोंडातून ह्याचं नाव निघून गेलं. एकदा निघाल्यावर..." त्यानं पुतण्यांकडे पाहिलं, त्यांच्या बंदुकांकडे. "मला वाटलं, देवदूत नसला तर शपथ नाही, शपथ नाही तर सगळं तसंच लोंबकळत राहील. मुदत घालतील असं वाटलं नव्हतं. देवदूतावर खोटं बोलणं माझ्याच्यानं झालं नसतं."

"माणसांसमोर झालं," बेसो आजोबा म्हणाले.

मुर्झानं मान वर केली. सगळ्यांना वाटलं तो काही बोलेल, निदान थुंकेल. तो पुढं आला, देवदूतावर हात ठेवला, म्हणाला, "मी दोर सोडला नाही," आणि लोकांमधून वाट काढत बाहेर निघून गेला. त्याच्या बारा नातलगांना हात ठेवायची वेळच आली नाही. मेदेयाही पाठोपाठ गेली. तिची माफी कुणी मागितली नाही, आणि ती जाताना दोमेंतीच्या बायकोला म्हणाली की गाय तुमच्यापेक्षा शहाणी आहे.

देवदूत पेटीत गेला. लोक पांगले. दोमेंतीनं आपलं कुलूप लावलं, आजोबांनी आपलं. तिसरं तसंच राहिलं. स्पिरिदोननं किल्ली कमरेची काढून उंबऱ्यावर ठेवली होती. खोटा ठरलेल्या माणसानं ती फिरवायची नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. पुतण्यांपैकी एकही ती उचलायला पुढं येईना. किल्ली लेवानकडे जायची होती.

फोतिनेनं ती उचलली. नऊशे वर्षांत कुठल्या बाईनं ती फिरवलेली नव्हती. दोमेंती काही म्हणायला गेला, पेलागियानं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो मागं सरला. तिसरं कुलूप कडकड वाजत बसलं.

फोतिनेनं किल्ली डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाला बांधली आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. त्याच्या हातात ती रिकामी टोपी होती.

"दोर कुठल्या चुलीत जाळलास?" तिनं विचारलं.

स्पिरिदोन हातातली टोपी उलटसुलट करत राहिला.

"लेवानच्या रोट्या मी त्याच्यावर भाजल्या," ती म्हणाली. "तूही खाल्ल्यास. दोन."

ती घराच्या वाटेला लागली. तो तिच्यामागं गेला नाही. उंबऱ्यावर बसून राहिला, आणि सूर्य डोंगराआड गेला तेव्हाही तिथंच होता.